अण्णांचा पंप आणि जुळं गाव

कासारपेठा दोन आहेत. एक नेहमीची, म्हणजे एसटी स्टँड, मंगळवारचा बाजार, मुलींची शाळा, शाळेच्या भिंतीला लागून अण्णा कोऱ्यांचा पेट्रोल पंप, आणि रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करून गप्पा हाणणारी माणसं. दुसरी कासारपेठ नगरपंचायतीच्या मागच्या खोलीत, कपाटाएवढ्या एका यंत्रात राहते. सरकारी कागदावर तिचं नाव ‘नगर प्रतिरूप प्रणाली’. असलं नाव घेता घेता दम लागतो, म्हणून गावानं पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं करून टाकलं आणि नाव ठेवलं ‘जुळं’.

हे जुळं सांभाळायचं काम गिरिजा कोरेकडे होतं. कचेरीत ती नगररचना सहायक आणि घरी अण्णांची धाकटी सून. तालुक्यात तेव्हा नगररचनेचं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे नात्यातल्या माणसाचा अर्ज आला की निकाल जिल्ह्याचे साहेब द्यायचे, पण यंत्र चालवायचं ते गिरिजानंच.

जुळं म्हणजे नुसता नकाशा नव्हे. नकाशा बिचारा भिंतीवर गप्प लटकतो. जुळ्यात गावातला प्रत्येक रस्ता, दुकान, नळ आणि झाड होतं, आणि प्रत्येक घरामागे एक बनावट कुटुंब होतं. नावानं ती माणसं कुणीच नव्हती, सवयींनी मात्र अगदी आपली. रस्त्यावरचे दिव्याचे खांब जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या मोजत, चालणारी माणसं मोजत, आणि त्यावरून जुळं रोज थोडं थोडं शिकत असे. मग त्याला विचारायचं, की बाबा, कोपऱ्यावरचं किराणा दुकान काढलं तर काय होईल? एका दुपारभरात ते पुढची दहा वर्षं जगून दाखवायचं. कोणती म्हातारी साखरेसाठी किती लांब चालेल, कोण चालायचा कंटाळा करून गाडी काढेल, आणि त्या गाड्यांचा धूर कुणाच्या घरात शिरेल, सगळं समोर.

लहान गावांची वाट लागायला लागली होती म्हणून हे आलं. महामार्गावर अजस्र दुकानं उघडली, पेठा ओस पडल्या, आणि पावशेर तेलासाठी माणसं चार मैल गाडी हाकू लागली. तेव्हा सरकारनं नियम केला, की रोजच्या गरजेची गोष्ट घरापासून दहा मिनिटं चालण्याच्या आत मिळाली पाहिजे, आणि कुठलं दुकान कुठं हवं ते जुळ्याला विचारून ठरवायचं.

पंपांचा नियम वेगळा होता. गाडीत पेट्रोल भरताना टाकीतली वाफ बाहेर ढकलली जाते. तिच्यात बेंझिन असतं, आणि ते रक्ताला वाईट. एका गाडीची वाफ चिमूटभर, पण रोज चारशेच्या वर गाड्या आल्या की ती वस्तीला बाधते. म्हणून तेवढा मोठा पंप गावाबाहेरच हवा. उलट, दिवसाला शंभरही गाड्या आल्या नाहीत तर जमिनीखालच्या टाक्यांची निगा परवडत नाही, त्या गंजतात आणि पेट्रोल विहिरींत झिरपतं. म्हणून तेवढा लहान पंप बंदच करायचा. या दोन रेघांच्या मधे राहील तो वाचेल.

अण्णांच्या पंपावर सत्तरेक गाड्या येत. निम्मं गाव बॅटरीच्या गाड्यांवर गेलं होतं. परवान्याच्या फेरतपासणीची नोटीस आली: महिनाभर गाड्या मोजल्या जातील, सरासरी शंभराखाली आली तर पंप बंद.

त्या दिवशी जेवताना अण्णांच्या लेकीचा, उमाचा, पुण्याहून फोन आला.

“अण्णा, खोली तयार आहे. खिडकीतून बाग दिसते. आता कशाला एकट्यानं उन्हात उभं राहायचं?”

“येतो की,” अण्णा म्हणाले. “पंपाचं काय ते एकदा होऊ दे, की बॅग भरतोच.”

गिरिजानं हातातला घास परत ताटात ठेवला. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नोकरी करणारी सून म्हणून भावकीनं नाकं मुरडली होती. अण्णांनी कुणाशी वाद घातला नाही. पहिला महिनाभर त्यांनी तिला आपल्या स्कूटरवर बसवून, भर पेठेतून, मुद्दाम सावकाश कचेरीत सोडलं. वाटेत कुणी विचारलंच तर सांगायचे, “आमच्या साहेबांना सोडायला निघालोय.” महिन्याभरात नाकं जागेवर आली. सासूबाई गेल्यावर तर संध्याकाळच्या चहाला घरात बोलायला दोघंच असायची, कारण गिरिजाचा नवरा नागेश सोलापुरातली नोकरी आटपून यायचा तो दमून. अण्णा पुण्याला जाणार म्हणजे तिच्या घराचा आवाजच जाणार होता. पण हे बोलायचं कसं? सुनेनं सासऱ्याला ‘तुम्ही जाऊ नका, मला करमणार नाही’ म्हणायची पद्धत कुठं असते?

आता कासारपेठेची एक जुनी खोड सांगायला हवी. तपासणी आली की हे गाव गर्दी जमवतं. शाळेत साहेब येणार असले की शेजारच्या वाडीतली पोरं आणून बाकांवर बसवायची. सभेला माणसं कमी पडली की बाजारातून ओढून आणायची, पिशव्यांसकट. साहेब येतात, गर्दी बघतात, चहा पितात, सही करून जातात. वर्षानुवर्षं काम असंच भागलेलं. जुळं चहा पीत नाही आणि सही करून निघूनही जात नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते तिथंच बसून राहतं आणि जे दिसेल ते खरं मानतं.

पुढाकार घेतला रफिक मुलाणीनं. त्याचं गॅरेज पंपाच्या समोर, आणि अण्णांशी मैत्री तीस वर्षांची. त्यानं गावभर निरोप फिरवला: रोज दोन फेऱ्या, पन्नास रुपयांचं का होईना, पण टाका. ज्यांच्या गाड्या बॅटरीच्या, त्यांनी हवा भरायला या. अण्णांना मात्र पत्ता लागता कामा नये, माणूस फार सरळ आहे.

आणि काय सांगू, गाव लोटलं! दूधवाले आले, डॉक्टर आले, ट्रॅक्टर आले. गवळी आळीतल्या एका लग्नाची वरात वाट वाकडी करून पंपावर आली. नवरदेवाची गाडी आणि मागच्या सगळ्या जीपा रांगेत उभ्या राहिल्या, आणि तोवर बँडवाले हवेच्या मशीनपाशी वाजवत बसले. सगळ्यांत कहर केला कुसुम फुलारी बाईंनी. या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि शाळेशेजारी पंप नको म्हणून बारा वर्षं तक्रारी करणाऱ्या. त्याही स्कूटर घेऊन सकाळ-संध्याकाळ हजर.

“बाई, टाकी काठोकाठ भरलीय,” अण्णा म्हणाले. “आता कुठं ओतू?”

“मग थोडं काढा आणि परत भरा,” बाई म्हणाल्या. “आणि लवकर, माझा तास आहे.”

अण्णांनी रफिकला विचारलं, हे काय चाललंय रे. रफिक म्हणाला, “लग्नसराई, अण्णा.” अण्णांनी मान हलवली. संध्याकाळी घरी येऊन ते गिरिजाला कौतुकानं सांगायचे, “आज नोझल हातातून सुटलं नाही गं. हात बघ कसा भरून आलाय.” गिरिजाला खांबांचे आकडे दिसत होते आणि पहिल्याच आठवड्यात डावाचा वास आला होता. पण सासूबाई गेल्यापासून अण्णा एवढे खुललेले तिनं पाहिले नव्हते. ती गप्प राहिली आणि त्यांच्या हाताला तेल चोळून देत राहिली.

महिना संपला, जुळ्याचा निकाल आला. रफिकनं त्याची पहिली ओळ वाचली, ‘सदर पंपाची मागणी सिद्ध झाली आहे’, आणि तडक पेढे आणायला पळाला. निम्म्या गावाचं तोंड गोड झाल्यावर फुलारी बाईंनी चष्मा लावून पुढचं वाचलं. मागणी इतकी सिद्ध झाली होती की तिनं चारशेची रेघ केव्हाच मागं टाकली होती. सबब, शाळेलगतचा पंप सहा महिन्यांत बंद करावा, बाह्यवळणावर बारा यंत्रांचा नवा पंप उभारावा, तो चालवायला मोठी कंपनी नेमावी, आणि जुन्या जागेवर वाहनतळ करावा. हरकती असतील त्यांनी सुनावणीला यावं.

रफिक हातातल्या पेढ्यांच्या पुड्याकडे बघत राहिला. “म्हणजे आपणच बुडवला की रे अण्णाला,” तो म्हणाला, आणि तिथंच ओट्यावर बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरिजा पंपावर गेली. रांग नव्हती. शरमेनं कुणी तिकडं फिरकतही नव्हतं. अण्णा केबिनमधे एकटे बसले होते.

“अण्णा, एक वाट आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “खांबांवरच्या मोजणीच्या काचांवर धूळ बसते. काही दिवसांचे आकडे बिघडलेले होते असं दाखवून मी ते गाळू शकते. कुठले दिवस गाळायचे ते माझ्या हातात आहे. सरासरी बरोबर मधे आणून ठेवते. पंप वाचेल.”

“कुणाला कळेल?”

“कुणालाही नाही.”

अण्णांनी समोरची हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, “वजनमापवाले दर वर्षी येतात, पाच लिटरचं माप भरून बघतात. ते बघतात म्हणून का मी माप नीट ठेवलं? आख्ख्या जन्मात मी कुणाचं माप मारलं नाही, बाळ. आता म्हातारपणी माझ्यासाठी तू मारणार?”

“मग तुम्ही पुण्याला जाणार!” गिरिजाचा आवाज एकदम चढला. “जा. जा आणि बागेकडे बघत बसा. मी संध्याकाळी कुणाशी बोलू? भिंतींशी? तुम्ही गेलात तर मला त्या घरात चहा जाणार नाही, अण्णा. हे मला बोलता येत नाही, म्हणून मी आकडे खोटे करायला निघालेय.”

बोलून गेली आणि तिचं तिलाच अवघडल्यासारखं झालं. अण्णांनी खांद्यावरचा फडका डोळ्यांना लावला. फडका पेट्रोलचा, डोळे आणखीच चुरचुरले. दोघांनाही त्याही अवस्थेत हसू फुटलं.

“हे आधी सांगायचंस की,” अण्णा म्हणाले. “पण आकड्यांना हात लावू नकोस.”

सुनावणी शाळेच्या मोठ्या वर्गात झाली. जिल्ह्याचे बाविस्कर साहेब आले होते. त्यांनी हरकत आहे का विचारताच अण्णा उभे राहिले.

“साहेब, मागणी खोटी आहे. माझ्या पंपावर सत्तर गाड्या येतात. बाकीच्या माझी कीव करून आल्या.”

वर्गात चुळबुळ झाली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. “कोरे, तुम्हाला हे माहीत होतं?”

“पहिल्या आठवड्यात नव्हतं. नंतर शंका आली. पण विचारलं नाही. बरं वाटत होतं हो.”

साहेबांनी फाईल उघडली. मग त्यांनी नियम समजावला. खोट्या फेऱ्या करून जुळ्याला फसवण्याचा प्रकार इतर गावांतही झाला होता, म्हणून कलम आलं होतं. खोटी फेरी कबूल करणाऱ्याची गाडी वर्षभर पेठेच्या हद्दीत आणायची नाही. आणि कुणीच कबूल केलं नाही तर दोष परवानाधारकाचा. त्याला पुन्हा गावात कसलंच दुकान काढता येणार नाही.

“तुम्हाला शंका आली हा गुन्हा नाही,” साहेब म्हणाले. “कुणी केलं तेवढं सांगा.”

“ते मी सांगणार नाही,” अण्णा म्हणाले आणि खाली बसले.

वर्गात कुणी जागचं उठेना. ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढं आपापली गाडी आली. भाजीची पोती, आईला दवाखान्यात नेणं, पोरांची शाळा, सगळं गाडीवर. गिरिजा कोपऱ्यात, कचेरीतल्या यंत्राला जोडलेल्या पडद्याजवळ बसली होती. तिला वाटलं, संपलं. अण्णांचं नाव खराब होऊन ते जाणार.

तेवढ्यात बाक करकरला. फुलारी बाई उभ्या राहिल्या.

“कुसुम फुलारी, मुख्याध्यापिका. रोज दोन खोट्या फेऱ्या. अण्णांना काही माहीत नव्हतं.”

“बाई,” साहेब चकित झाले, “या पंपाविरुद्ध बारा वर्षं तक्रारी तुमच्याच ना?”

“माझ्याच. त्या वाफेबद्दल होत्या, माणसाबद्दल नव्हत्या. लिहा माझं नाव.”

मागून रफिक उठला. गाड्या पेठेत येणार नाहीत तर पेठेतलं गॅरेज खाणार काय, हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. म्हणून त्याला उठायला थोडा वेळ लागला, पण उठला. “रफिक मुलाणी. डाव माझाच. मी सगळ्यांत मोठा गुन्हेगार, मला आधी लिहायला हवं होतं.” त्याच्या मागं डॉक्टर, दूधवाले, बँडवाले. तो नवरदेवही आला, नव्या नवरीला घेऊन. बघता बघता टेबलापुढं रांग लागली, पंपावर लागायची तश्शीच. नावं लिहिता लिहिता कारकुनाचा हात दुखायला लागला. अण्णा मान खाली घालून बसले होते आणि फडक्याशिवायच डोळे पुसत होते.

नियमाप्रमाणे नव्या परिस्थितीवर जुळं पुन्हा चालवायचं होतं. निम्म्याहून जास्त गाव आता पायी चालणार, हे गिरिजानं कचेरीत परतून त्याला सांगितलं आणि वाट बघत बसली. पंपाचं उत्तर लगेच आलं. गाड्या सत्तरवरून तिसाच्या खाली. बाह्यवळणाचा मोठा पंप रद्द, आणि हाही बंद. यात काही चूक नव्हती, आणि तिला ते अपेक्षितच होतं. तरी तिनं ते आकडे पुन्हा एकदा तपासले.

पण जुळं थांबलं नव्हतं. जागेचं काय करायचं हा प्रश्न बाकी होता. वाहनतळ करावा तर गाड्याच नाहीत. म्हणून ते माणसं चालवून बघत होतं. पडद्यावर बनावट कुटुंबं घराबाहेर पडली, स्टँडकडून बाजाराला, माळ आळीतून दवाखान्याला, एप्रिलच्या उन्हात. काही म्हाताऱ्या अर्ध्या वाटेवरून औषध न घेताच परत फिरत होत्या. बाळं कडेवर घेतलेल्या बाया मधेच थांबत होत्या. गिरिजानं अशा सगळ्या अर्ध्यावर मोडलेल्या फेऱ्या एकत्र मांडल्या, तर त्या एकाच ठिकाणी येऊन थांबत होत्या, पंपाच्या छपराखाली. जुळ्यानं खाली लिहिलं: येथे सावली, पाणी, बसायची सोय आणि रोजच्या वस्तूंचं दुकान आवश्यक. जागेचा पहिला हक्क जुन्या परवानाधारकाचा, त्यानं फसवणूक केलेली नसल्यास.

तिनं ते दोनदा वाचलं. मग साहेबांची सही घेतली आणि पदर खोचून पंपाकडे धावत सुटली. आख्खी पेठ बघत होती. नगरपंचायतीच्या साहेब रस्त्यानं पळतायत म्हणजे कुठं तरी आग लागली असणार, असंच लोकांना वाटलं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून पेट्रोलच्या यंत्रावर हात ठेवला. “म्हणजे हे जाणार,” ते म्हणाले. “मला पेट्रोल विकता येतं गं. साखर अन् चपला विकायचं मला काय जमतंय? आणि उमाला शब्द दिलाय.” गिरिजानं फार आग्रह केला नाही. जे सांगायचं ते तिनं एकदा सांगून टाकलं होतं.

दिवाळीच्या आधी जमिनीतून टाक्या निघाल्या. खालची माती धुऊन शुद्ध करायला जिल्ह्याची माणसं आली. टाक्या ट्रकवर चढल्या तेव्हा अण्णा लहान पोरासारखे रडले, आणि रफिक त्यांच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. रफिकनं आपलं गॅरेज स्टँडपलीकडे हलवलं होतं, पण केबिनमधे फळ्या ठोकायला तोच येत होता. “आधी दुकान लावून देऊ, मग गेलास तर जा,” असं तो म्हणायचा. अण्णा नुसतं ‘हूं’ करायचे. घरी त्यांची बॅग भरलेली होती.

दुकान उघडलं त्या सकाळी गिरिजा त्यांचा डबा घेऊन चालत गेली. फळ्या अर्ध्या रिकाम्या होत्या. अण्णा स्टुलावर बसून साबणाच्या वड्या रंगाप्रमाणे लावत होते. फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, आणि उमाचा आवाज गिरिजालाही ऐकू आला.

“अण्णा, रविवारची गाडी बुक करू ना? किती दिवस पुढं ढकलताय!”

“उमा, मी नंतर बोलतो,” अण्णा घाईघाईनं म्हणाले. “गिऱ्हाईक उभं आहे बाळ, दुकान सोडून असं बोलत बसता येत नाही.”

फोन ठेवला. गिरिजानं मागं वळून पाहिलं. छपराखाली कुणी नव्हतं, रस्त्यावरही कुणी नव्हतं.

“कुठं आहे गिऱ्हाईक?”

“मग तू कोण आहेस?” अण्णा म्हणाले. “बोल, काय देऊ?”

घरात साबण भरपूर होता. तिनं डबा बाजूला ठेवला आणि पर्स उघडली.

“एक साबण द्या.”

“कुठला?” अण्णांनी विचारलं, आणि ते फळीकडे वळले.